ते 'जोलीन' गाणं : ही बाई नवऱ्याला काहीच का विचारत नाही?

तांबडा_पांढरा
आधीच सांगतो, कंट्री म्युझिकमधलं मला ओ की ठो कळत नाही. गिटार, टोपी, घोडा आणि दारू यापलीकडे माझी मजल नाही. ऑफिसातल्या एकाच्या गाडीतून येताजाता जे कानावर पडतं तेवढंच. त्याच्या यादीत डॉली पार्टनचं 'जोलीन' सारखं वाजतं, त्यामुळे ते आता पाठ झालंय. १९७३ चं गाणं, जेमतेम पावणेतीन मिनिटांचं. चाल अशी चिकट की गाडीतून उतरल्यावरही सुटत नाही. चालीबद्दल तक्रार नाहीच.

तक्रार शब्दांबद्दल आहे. एक बाई 'जोलीन' नावाच्या देखण्या बाईला विनवते आहे की माझा माणूस नेऊ नकोस. जोलीनचे केस, कांती, हिरवे डोळे, हसू, आवाज, सगळ्याचं कौतुक करून झाल्यावर कबूल करते की मी तुझ्या पासंगाला पुरणार नाही. तुला कोणीही मिळेल, मला मात्र हाच. केवळ नेता येतो म्हणून नेऊ नकोस, एवढं कर.

आता मला सांगा, तो गृहस्थ कुठाय? तो गाण्यात झोपलाय. शब्दशः झोपलाय, आणि झोपेत जोलीनचं नाव घेतोय! त्याला गदागदा हलवून दोन प्रश्न विचारायचे सोडून ही बाई परक्या बाईच्या पाया पडते. पन्नास वर्षं जग यावर डोलतंय आणि कोणालाच खटकत नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडीसाखर
पहिली! पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

घाटावरचा
नवऱ्याला उठवलं असतं तर गाणं झालं नसतं, भांडण झालं असतं. भांडणाला रॉयल्टी मिळत नाही.

दिवे_घ्या
झोपेत नाव घेतलं हा पुरावा कसा काय? मी झोपेत "सर्व्हर डाउन आहे" असं ओरडतो असं बायको सांगते. तिने अजून सर्व्हरच्या पाया पडल्याचं ऐकिवात नाही.

कॅसेटयुग
तां.पां., खटकायच्या जागीच खटकलंय, पण थोडी पार्श्वभूमी सांगतो. डॉलीबाईंनी स्वतः कितीतरी मुलाखतींत सांगितलेला किस्सा आहे. १९६६ मध्ये त्यांचं कार्ल डीनशी लग्न झालं. नव्याची नवलाई चालू असताना बँकेतल्या एका उंच, लाल केसांच्या क्लार्कबाईंचा नवरोबांवर जीव जडला आणि नवरोबांच्या बँकेतल्या फेऱ्या वाढल्या. डॉलीबाईंचं म्हणणं, इतक्या वेळा बँकेत जावं एवढे पैसेच आमच्याकडे नव्हते!

नाव मात्र त्या क्लार्कबाईंचं नाही. एका कार्यक्रमानंतर सही घ्यायला आठेक वर्षांची गोड मुलगी आली होती, तिचं नाव जोलीन. नाव आवडलं, तिथेच ठरवलं की यावर गाणं करायचं.

कार्ल डीन रस्त्याच्या डांबरीकरणाच्या धंद्यातला माणूस. बायको जगप्रसिद्ध झाली तरी हा फारसा कॅमेऱ्यापुढे आला नाही. मार्च २०२५ मध्ये गेले. जवळजवळ ५९ वर्षांचा संसार झाला. तेव्हा प्रत्यक्षात जोलीनने काही नेलं नाही, उलट बाईंना आयुष्यभर पुरेल असं गाणं देऊन गेली.

तांबडा_पांढरा
@कॅसेटयुग, किस्सा मस्त, पण माझा मुद्दा आणखी पक्का झाला की. बँकेच्या फेऱ्या कोण मारत होतं? नवरा. आणि गाण्यात आरोपीच्या पिंजऱ्यात कोण? काउंटरमागची बाई. वा!

गिटारवाला_अण्णा
शब्दांचं तुम्ही बघा, मी वाद्याचं बोलतो.

चौथ्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावायचा आणि ए मायनरची बोटं धरायची. म्हणजे प्रत्यक्षात सी शार्प मायनर, आपल्या भाषेत काळी एक. सगळं गाणं तीन कॉर्डमध्ये होतं. नवख्याला धरायला सोपं, वाजवायला मात्र सोपं नाही, कारण उजव्या हाताचा अंगठा एक मिनिट थांबत नाही. अंगठा बेस धरतो आणि बाकीची बोटं वरच्या तारांवर धावतात. कोणी गयावया करत असेल तर आपण काय चाल लावू? संथ, आळवून, मिंडेने. इथे लय पळते आहे. दुःखाचे शब्द आणि छाती धडधडावी अशी चाल. मला तर ही विनवणी कमी आणि घाबरगुंडी जास्त वाटते. रात्रभर जागून, मनात शंभरदा घोकून ठेवलेलं सकाळी एका दमात बोलून टाकलंय.

आणि ते पुन्हा पुन्हा येणारं 'जोलीन, जोलीन' नीट ऐका. दर वेळी सूर थोडा वर चढवत नेलाय. मागे बाकीचे आवाज येऊन मिसळतात. एवढ्या साध्या ऐवजावर एवढी मोठी इमारत बांधणं येरागबाळ्याचं काम नाही.

राग कोणता विचारू नका, मारीन.

बोरकूट
राग कोणता?

गिटारवाला_अण्णा
@बोरकूट, मत्सर.

खडीसाखर
=)) अण्णा जिंकलात. धागा इथेच बंद करा.

निरगुडी
मला धागाकर्त्यांचा प्रश्नच शहरी आणि २०२५ नंतरचा वाटतो. रागावू नका.

१९७३ सालची टेनेसीच्या डोंगरातली बाई डोळ्यापुढे आणा. डॉली पार्टन स्वतः कुठून आल्या? सेव्हियर काउंटी, बारा भावंडांतलं चौथं मूल, लाकडी खोपट्यात जन्म. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला वडिलांनी फी म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं दिलं, हे त्या अभिमानाने सांगतात. त्या काळात अमेरिकेतल्या बँका लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज किंवा क्रेडिट कार्ड सर्रास नाकारायच्या. त्याला आळा घालणारा कायदा १९७४ च्या ऑक्टोबरात झाला, म्हणजे गाणं आल्यावर वर्षभराने. अशा बाईने "चल निघ माझ्या घरातून" म्हणायचं कोणाच्या जिवावर? घर त्याचं, खातं त्याचं. तेव्हा "माझं सुख तुझ्या हातात आहे" हे वाक्य केवळ प्रेमाचं नाही, त्यात किराण्याचं बिलही आहे.

ती भोळी आहे असंही मला वाटत नाही. समोरच्याला इतकं मोठं करायचं की त्याला क्षुद्र वागायची लाज वाटावी, ही फार जुनी आणि फार हुशार खेळी आहे. सासरी नांदलेल्या बायकांना मी वेगळं सांगायला नको.

मावशीबाई
निरगुडी, अगदी गं. +१

जात्यावरच्या ओव्या आठवा. आमची आजी दळताना म्हणायची. सवतीवर ओवीमागून ओवी. सवतीचं लुगडं, सवतीची चाल, सवतीच्या कपाळीचं कुंकू, काही सोडायची नाही. नवऱ्याला मात्र एक शब्द लागू द्यायची नाही, तो कायम 'भरतार' आणि 'राजस'. मी लहानपणी विचारलं होतं, आजी, सवत काय आपल्या पायांनी चालत आली का? तिला आणलं कोणी? आजी म्हणाली, गप दळ.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्यात. आंतरजालावर ऐकायला मिळतात. सवतीच्या ओव्या जरूर ऐका आणि मग सांगा की टेनेसी किती लांब आहे.

तांबडा_पांढरा
@निरगुडी, शहरी म्हणालात, चालेल. पण 'लाज वाटावी म्हणून मोठं केलं' हे जरा ओढूनताणून नाही का? गाण्यात ती सरळ 'मी भीक मागते' म्हणते. भीक मागणाऱ्याची खेळी कसली?

@मावशीबाई, आजींचं "गप दळ" हे या धाग्यावरचं आत्तापर्यंतचं सर्वोत्तम उत्तर आहे.

तारीख_पे_तारीख
पेशाने वकील, त्यामुळे खाज.

जोलीनला प्रतिवादी करण्यात बायकोची चूक नाही, निदान अमेरिकेतल्या काही राज्यांपुरती. संसारात तिसऱ्या माणसाने येऊन प्रेमाला सुरुंग लावला म्हणून त्या तिसऱ्या माणसावर भरपाईचा दिवाणी दावा लावता येतो. बहुतेक राज्यांनी हा प्रकार रद्द केला, पण नॉर्थ कॅरोलिनात तो आजही जिवंत आहे आणि तिथे लाखो डॉलरांचे निकाल लागलेले आहेत. सेव्हियर काउंटीच्या डोंगरापलीकडे उतरलं की नॉर्थ कॅरोलिनाच. म्हणजे बाईने थोडी पायपीट केली असती तर गाण्याऐवजी नोटीस पाठवता आली असती.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. १८६० च्या दंड संहितेचं कलम ४९७ होतं, त्यात व्यभिचाराची तक्रार नवऱ्याने दुसऱ्या पुरुषाविरुद्ध करायची. बायकोला तक्रारीचा अधिकारच नाही, जणू ती बैलजोडीपैकी एक. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते घटनाबाह्य ठरवलं. थोडक्यात, आपली जोलीन फौजदारीतून तेव्हाही सुटली असती, आताही सुटेल.

दिवे_घ्या
वकीलसाहेब, सल्ल्याची फी मक्याच्या पिठात चालेल का?

तारीख_पे_तारीख
ज्वारीच्या. आणि आगाऊ.

डोंगरपल्याड
मी बरीच वर्षं टेनेसीत आहे, नॅशव्हिलपासून तासाभरावर. इथे कराओकेला कोणी बाई माइकपाशी गेली की निम्म्या वेळा हेच गाणं. पण तां.पां., एका गाण्यावरून सगळ्या कंट्रीतल्या बायकांना रडूबाई ठरवू नका. लोरेटा लिन ऐका.

लोरेटाबाई केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. नवरा डुलिटल, एकदम वल्ली. ह्या दौऱ्यावर असताना एक बाई त्याच्यामागे लागली, तर यांनी १९६८ मध्ये गाणं काढलं 'फिस्ट सिटी'. मथितार्थ असा की माझ्या माणसापासून लांब राहा, नाहीतर झिंज्या धरून उचलीन. थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याआधी १९६६ मध्ये आणखी एक होतं. कार्यक्रमाआधी एक बाई पडद्यामागे रडत आली, म्हणाली नवऱ्याने दुसरीला सोबत आणलंय आणि ती बाहेर बसलीय. लोरेटाने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, अगं, तुझा नवरा न्यायला ती बाई पुरेशी नाही. त्याचंच गाणं झालं. 'जोलीन'च्या बरोब्बर उलटं.

आणि त्याही आधी, १९५२. हँक थॉम्पसनचं एक गाणं गाजत होतं. त्याचं रडगाणं असं की बायको घर सोडून बारच्या दिव्यांकडे गेली, अशा बायका देवानेच घडवल्या असाव्यात. त्याला किटी वेल्सने त्याच चालीत उत्तर दिलं: देवाला मध्ये आणू नका, लग्न झालेले पुरुष सडाफटिंगासारखे वागतात म्हणून चांगल्या मुली वाया जातात. एनबीसी रेडिओने आधी ते वाजवायला नकार दिला, नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या रेडिओ-कार्यक्रमाच्या मंचावरही बंदी. तरीही पहिल्या क्रमांकावर! बिलबोर्डच्या कंट्री यादीत एकट्या बाईचं गाणं पहिलं येण्याची ती पहिलीच वेळ. किटीबाईंनी ते केवळ १२५ डॉलर मिळणार म्हणून गायलं होतं.

म्हणजे नवऱ्याला जाब विचारणारं गाणं 'जोलीन'च्या एकवीस वर्षं आधीच झालंय.

घाटावरचा
त्याच चालीत उत्तर? म्हणजे फडावरचा सवाल-जवाब झाला की हो! फक्त ढोलकीच्या जागी ती रडकी स्टील गिटार.

म्हापशेकर
सवाल-जवाबावरून आठवलं. आमच्याकडे कंट्री म्हणजे जिम रीव्हज. डॉलीबिली नंतर.

माझ्या लहानपणी म्हापशात शेजारच्या घरात रविवारी मासळीचं जेवण झालं की जिम रीव्हज लागायचा. 'ही'ल हॅव टू गो' तर लग्नाच्या रिसेप्शनला बँडवाले आजही वाजवतात आणि नवरा-नवरी गालाला गाल लावून नाचतात. शब्द कोणी ऐकतच नाही! गाण्यात काय चाललंय? माणूस बारमधून फोन करतोय. तिच्याजवळ दुसरा कोणीतरी बसलाय. हा म्हणतो, फोन ओठांजवळ घे, मी बारवाल्याला गाणी हळू लावायला सांगतो, तू तुझ्या त्या मित्राला सांग की त्याला आता निघावं लागेल. हे गाणं लग्नात!!

रीव्हजचा आवाज मात्र असा की फसवली गेलेली माणसंसुद्धा त्यावर नाचतील. मूळ तबकडीत ही दुसरी बाजू होती, रेडिओवाल्यांनी उलटून लावली आणि १९६० मध्ये कंट्री यादीत चौदा आठवडे पहिली. त्याच वर्षी जीन ब्लॅक नावाच्या गायिकेने बाईच्या बाजूने उत्तर दिलं: तू इतके दिवस दुसऱ्यांबरोबर हिंडलास, आता हा इथून जाणार नाही, हा राहणार. तेही तुफान चाललं. रीव्हज १९६४ च्या जुलैत स्वतःचं विमान चालवत असताना नॅशव्हिलजवळ कोसळून गेला. चाळीस वर्षांचा होता.

कॅसेटयुग
म्हापशेकरबाब, शेवटच्या काळात एल्विसनेही ते गायलं होतं, १९७६ च्या ऑक्टोबरात, स्वतःच्या घरी ध्वनिमुद्रण करून. पण रीव्हज तो रीव्हज. माइकच्या इतकं जवळ येऊन इतक्या खालच्या पट्टीत बोलल्यासारखं गाणं तेव्हा कंट्रीत नवीनच होतं.

बोरकूट
वयस्कर मंडळींचं झालं असेल तर बियॉन्सेकडे वळू या का?

मार्च २०२४ मध्ये आलेल्या 'काउबॉय कार्टर'मध्ये तिने 'जोलीन' घेतलंय. आधी खुद्द डॉलीबाई बोलतात आणि मग गाणं सुरू. पण शब्द बदललेत. ही भीक मागत नाही, बजावते: माझ्या माणसाच्या वाटेला जाऊ नकोस, आम्ही एकत्र मुलं वाढवलीत, मी कुठली आहे हे तुला ठाऊक नाही. तां.पां.ना हेच हवं होतं ना?

तांबडा_पांढरा
@बोरकूट, ऐकलं. आवडलं नाही! का ते सांगता येत नाही. धमकी देणारी बाई सुरक्षित वाटते. तिचं काही बिघडणार नाही हे पहिल्याच ओळीत कळतं, मग उरलेलं गाणं कशाला ऐकायचं?

निरगुडी
@तांबडा_पांढरा, हे तुमच्याच पहिल्या पोस्टच्या विरोधात जातंय बरं का :)

तांबडा_पांढरा
जातंय. जाऊ दे.

घाटावरचा
मग तुमच्यासाठी कॅरी अंडरवुड. २००६ मध्ये गाजलेलं 'बिफोर ही चीट्स'. नवरा (की बॉयफ्रेंड) बारमध्ये दुसरीबरोबर. बाई आत जात नाही, रडत नाही. पार्किंगमध्ये जाऊन त्याच्या लाडक्या चारचाकीला किल्लीने ओरखडे काढते, बेसबॉलच्या बॅटने हेडलाइट फोडते, चारही टायर फाडते. त्या दुसऱ्या बाईशी तिचं थेट काही भांडण नाही. हिशेब ज्याचा त्याच्याशी चुकता.

गिटारवाला_अण्णा
ते गाणं दोन पुरुषांनी लिहिलंय, क्रिस टॉम्पकिन्स आणि जॉश किअर. ग्रॅमी मिळालं त्याला. 'जोलीन' मात्र बाईने स्वतः लिहिलंय, शब्द आणि चाल दोन्ही. बाईचा सूड पुरुषांनी लिहिला आणि बाईची भीती बाईने. त्यातून कोणाला काय काढायचं ते काढा.

दिवे_घ्या
गाडीचं नुकसान? एवढा क्रूर प्रकार मी याआधी ऐकलेला नाही. धाग्याला प्रौढांसाठीचा इशारा लावा.

निरगुडी
अण्णा, मुद्दा नेमका पकडलात. पुरुषांच्या बाजूची फसवणुकीची गाणी पाहा. हँक विल्यम्सचं 'युअर चीटिन हार्ट'. सप्टेंबर १९५२ मध्ये रेकॉर्ड केलं, १ जानेवारी १९५३ ला तो गाडीच्या मागच्या सीटवर मेलेला सापडला, एकोणतिसाव्या वर्षी, आणि गाणं त्या महिन्यात बाहेर आलं. त्यात काय आहे? तुझंच फसवं मन तुला रात्ररात्र जागवेल, तू रडशील. शाप आहे सरळसरळ. ते घटस्फोटित बायकोला उद्देशून असल्याचं मानतात, आणि हँक स्वतः काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याने शाप द्यायचा, तिने विनंती करायची. गाणी गोडच असतात, पण कोणाला काय परवडतं ते त्यातून दिसतं.

कॅसेटयुग
अवांतर : 'जोलीन'ची मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी तबकडी तेहतीसच्या वेगावर लावून ऐकली आहे का कोणी? मागे आंतरजालावर फार फिरत होती. लय निम्म्याच्या वर असते, पण आवाज काळी एकवरून थेट मंद्रातल्या काळी चारच्या आसपास उतरतो आणि एक जाडाभरडा पुरुष तेच शब्द गातोय असं वाटतं. कुठेही बेसूर नाही. आणि काय सांगू, पुरुषाच्या तोंडी ती विनवणी ऐकताना धागाकर्त्यांचा प्रश्न पडतच नाही. व्हाइट स्ट्राइप्स या बँडच्या जॅक व्हाइटनेही 'माझा माणूस' तसाच ठेवून गायलंय.

खडीसाखर
आत्ता ऐकलं. अंगावर काटा. रात्रीचे दीड वाजलेत आणि मी हे का करतेय?

नाव_नको
मी इथे एरवी वाचनमात्र असते. हे लिहायला म्हणून लॉगिन केलं.

जोलीनला या गाण्यात एक ओळही नाही, हे कोणी म्हटलं नाही अजून. तिला तो हवा आहे का, तिला हे माहीत तरी आहे का?

पूर्वीच्या एका नोकरीत असताना मला एका बाईंचा फोन आला. सहकाऱ्याची बायको. आवाज अगदी मऊ. "तुम्ही शिकलेल्या आहात, दिसायला छान आहात, तुम्हाला कोणीही मिळेल." मला आधी कळेचना की हे काय चाललंय. त्या गृहस्थांशी माझं बोलणं म्हणजे महिनाअखेरचे हिशेब आणि डब्यातली भाजी. पण ते घरी सारखं माझं नाव घ्यायचे. मी असं म्हणाले, मी तसं केलं, मी अमुक रंगाची साडी नेसले. झोपेतही घेत असतील, देव जाणे.

मी काय म्हणणार होते? "मला तुमचा नवरा नको" म्हणावं तर तेही लागण्यासारखंच. घाम फुटला मला. शेवटी म्हटलं, ताई, तुम्ही हे त्यांना का नाही विचारत? थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "विचारलं आणि ते हो म्हणाले तर?"

मी तिथली नोकरी त्यानंतर फार काळ केली नाही. त्यांचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. गाणं मी बऱ्याच नंतर ऐकलं, मैत्रिणीच्या मुलीच्या फोनवर. मला ते बायकोच्या बाजूने ऐकताच येत नाही. सगळे बायकोचं दुःख ऐकतात. मी आपली फोन धरून उभी असते.

मावशीबाई
बरं झालं लिहिलंस गं.

घाटावरचा
प्रतिसाद वाचून गप्प झालो. नाव_नको, लिहीत राहा.

तारीख_पे_तारीख
तो शेवटचा प्रश्न. उलटतपासणीचा पहिला नियम आहे, उत्तर सोसणार नसेल तर प्रश्न विचारू नये. त्या बाईंना तो न शिकता येत होता.

तांबडा_पांढरा
@नाव_नको, तुमच्या प्रतिसादावर लगेच काही लिहिलं नाही कारण काय लिहावं सुचेना. मला "का विचारत नाही" याचं उत्तर हवं होतं, ते तुम्ही दिलंत. लय आणि कायदा आणि १९७४ ची बँक, सगळं पटलं होतं, पण हे वेगळं होतं.

तरी त्या झोपलेल्या माणसावरचा माझा राग काही गेलेला नाही. माझ्या मते तो जागाच आहे. डोळे मिटून पडलाय.

गिटारवाला_अण्णा
=)) "जागाच आहे." याचं आता उत्तरगीत व्हायलाच हवं. नवऱ्याच्या बाजूने. तिच्याच चालीत, तेहतीसच्या वेगावर.

दिवे_घ्या
नवऱ्याचं उत्तरगीत : "मी झोपेत जे म्हणालो ते जोलीन नव्हतं, जिलेबी होतं." पहिलं कडवं तयार आहे. रॉयल्टीचं बोला.

म्हापशेकर
रिसेप्शनला चालेल.

कॅसेटयुग
@डोंगरपल्याड, धागा वाचून सौभाग्यवतींनी ठरवलंय की मुलाकडे अटलांटाला जाऊ तेव्हा डॉलीवूड, म्हणजे डॉलीबाईंचं ते करमणूक उद्यान, बघायचं. दोन प्रश्न. एक, आमच्या वयाला झेपेल का? दोन, शाकाहारी माणसाला तिथे काय मिळतं?

डोंगरपल्याड
@कॅसेटयुग, जरूर जा. पिजन फोर्जला आहे, स्मोकी माउंटन्सच्या पायथ्याशी. १९८६ पासून डॉलीबाईंच्या नावाने चालू आहे. चढउतार बराच, बूट चांगले घाला. उंच पाळणे तुम्ही सोडून द्या. कोळशावर चालणारी खरीखुरी वाफेची आगगाडी आहे, तिच्यात मात्र बसा, डोंगर दिसतात. पण खिडकीशी पांढरा शर्ट घालून बसू नका, कोळशाचे कण येतात. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा तोबा गर्दी असते.

शाकाहारी म्हणाल तर तिथल्या जुन्या पद्धतीच्या पिठाच्या गिरणीत दालचिनीचा पाव भाजतात, लोण्यात आणि साखरेत निथळणारा. तो चुकवू नका, रांग लागते. अंडं चालत नसेल तर आधी विचारून घ्या. बाकी जेवणाचं खरं नाही, बरोबर धपाटे ठेवा.

मावशीबाई
धपाटे चार दिवस टिकतात, पण दही न घालता कर म्हणावं.